उरलेला साक्षीदार

माझ्या सासऱ्यांना तीन वर्षं मरायला फुरसत नव्हती. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच सगळ्यांना सांगत सुटायचे. भाजीवाल्याला, दूधवाल्याला, दवाखान्यात नाव पुकारणाऱ्या नर्सला. "तारीख झाल्याबिगर मले काही होऊन चालत नाई बाई. लवकर घे मले आत." त्या नर्सला काय कळणार कसली तारीख! ती बिचारी कागद पाहून म्हणायची, आजोबा, तुमची तारीख आजचीच आहे. मग हे तिच्यावर खेकसायचे आणि माफी मी मागायची.

देवेंद्र गुरुजी, वय एक्याऐंशी. वडनेरच्या शाळेत एकतीस वर्षं मास्तरकी केली आणि सासूबाई गेल्यावर आमच्याकडे सिंदी मेघेला राहायला आले. मी नंदिनी, त्यांची सून, वर्ध्याच्या एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. नवरा मुकेश बुटीबोरीला शिफ्टमध्ये, म्हणजे घरी असला तरी झोपलेला. मुलगी इला शिकायला पुण्याला. तेव्हा गुरुजींची जी धावपळ व्हायची ती माझ्या जिवावर, आणि घरात जी आदळआपट व्हायची ती माझी.

वडनेरमध्ये गुरुजींची ओळख मास्तर म्हणून कमी आणि साक्षीदार म्हणून जास्त. भावाभावांची वाटणी असो, घराचा करारनामा असो, कोणाची सोडचिठ्ठी असो, कागदाच्या खाली 'साक्षीदार क्रमांक एक' म्हणून गुरुजींची सही ठरलेली. आमच्या भागाची ही खोडच आहे. साक्षीला माणूस पाहिजे तो पिकल्या केसांचा, पांढऱ्या टोपीचा. जितका म्हातारा तितकी सही भारी. तरण्या पोराला कोणी विचारत नाही, त्याच्या सहीला काय वजन, म्हणतात. हा म्हातारा उद्या राहील की नाही, हा प्रश्न कोणाच्या डोक्यातच येत नाही.

पण गुरुजींचा एक नेम होता. समोर बसून सही करताना माणूस पाहिल्याशिवाय ते पेनाचं टोपण काढायचे नाहीत. एकदा गावातल्या राकेशनं सगळ्या सह्या उरकून कागद नुसता पाठवून दिला, खाली तेवढी सही करा म्हणून. गुरुजी जेवत होते. ताटावरून उठले, उष्ट्या हातानं त्याच्या घरी गेले आणि पाव्हण्यांसमोर म्हणाले, "तू सही करताना मी होतो काय? नाई न? मंग मी कायचा साक्षीदार रे? तुह्या चहाचा?" राकेश पुढं दोन वर्षं त्यांच्याशी बोलला नाही.

माझ्या लग्नाच्या कागदावरही त्यांचीच सही आहे. आमचं रजिस्टर लग्न. माझ्या माहेरचं चिटपाखरू आलं नाही. मुकेशचे दोन मित्र आणि तिसरे साक्षीदार खुद्द सासरे. मी सही करताना त्यांनी माझ्या हाताकडे असं टक लावून पाहिलं की माझी सही वाकडी झाली. काय खडूस माणूस आहे, असं मनात म्हटलं होतं मी. बाप नसलेल्या त्या खोलीत एक तरी मोठं माणूस माझ्याकडे धड पाहत होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

तर तारीख होती ती कोर्टाची, अण्णाजींच्या मृत्युपत्राच्या दाव्यातली.

अण्णाजी गुरुजींचे वडनेरचे शेजारी आणि लंगोटीयार. त्यांचा मोठा मुलगा आदेश हायवेवर अपघातात गेला. मागे सून वर्षाली आणि नात आकांक्षा. धाकटा ओमप्रकाश नागपूरला. त्याचं शिक्षण, प्लॉट, घर सगळं अण्णाजींनीच उभं करून दिलेलं. गावचं घर आणि विहिरीचं तीन एकर वावर अण्णाजींनी स्वतः कमावलं होतं, आणि आदेश गेल्यावर ते वावर वर्षालीच पाहत होती. म्हणून २०१८ साली त्यांनी मृत्युपत्र केलं आणि घर-वावर दोन्ही वर्षालीच्या नावानं लिहिलं. इथपर्यंत माणूस शहाणा.

पुढं शहाणपण संपलं. कागद हिंगणघाटहून टाइप करून आणला आणि ओट्यावर बसून सह्या झाल्या. साक्षीदार कोण? एक गुरुजी, त्यासाठी मुद्दाम वडनेरला बोलावलेले, वय पंच्याहत्तर. दुसरे रिटायर पोस्टमास्तर मधूकाका, वय एकोणऐंशी. वर्षाली दबकत म्हणालीही होती, की मामंजी, एखादं जवान माणूस घ्या. अण्णाजी भडकले. "पोराटोरांच्या सह्या घेऊ? लोक हसतीन मले." मृत्युपत्राची नोंदणीही केली नाही. "देवेंद्रची सही हाये, अजून कायची नोंदणी पाह्यजे?"

मधूकाका गेले २०२० मध्ये. दुसऱ्या वर्षी अण्णाजी. तेरवी होऊन महिना झाला नाही तोच ओमप्रकाशनं दावा लावला की मृत्युपत्रावरची सही बापाची नाही. ओमप्रकाश काही राक्षस नाही हो. त्याच्याजवळ बापाच्या जुन्या सह्या होत्या, गोल गोल अक्षरांच्या. मृत्युपत्रावरची सही तिरपी, तुटक. त्याला खरंच वाटत होतं की वहिनीनं काहीतरी केलं. मृत्युपत्र पडलं असतं तर अर्धी वाटणी. दीड एकर वावर तिकडे, घराच्या मधोमध भिंत, आणि विहीर ज्या बाजूला जाईल त्याची. विहीर गेली की उरलेलं दीड एकर नुसतं पाहत बसायचं.

वर्षालीची वकील रक्षा. चाळिशीची, फटाफट बोलणारी बाई. तिनं पहिल्याच भेटीत सांगितलं, "मृत्युपत्र स्वतः उठून बोलत नाही. सही करताना पाहणारा एक तरी साक्षीदार जिवंत असेल, तर त्यानं कोर्टात येऊन सांगावं लागतं. दोघांपैकी आता तुम्ही एकटेच उरले, गुरुजी." शपथपत्र लगेच दाखल झालं. पण समोरच्या वकिलाची उलटतपासणी झाल्याशिवाय त्या शपथपत्रात दम नाही, असंही ती म्हणाली. आणि निघताना मला बाजूला घेऊन, "तोवर सांभाळा त्यांना, ताई."

सांभाळा! जसं काही वरणाचं पातेलं आहे, फडक्यात धरून हिंगणघाटच्या कोर्टात न्यायचं.

त्या दिवसापासून आमच्या घरातला निवांतपणा उडाला. गुरुजी बसेनात. ओट्यावरून फाटकापर्यंत, फाटकापासून ओट्यापर्यंत. सकाळी मी डबा भरत असायची आणि बाहेर यांची तालीम चालू. "अण्णाजीनं माह्या समोर सही केली. मधूच्या समोर केली. मंग मी केली, अण्णाजीच्या समोर. मंग मधूनं केली." रोज तेच. शेजारची पोरं नक्कल करायला लागली. बीपीची गोळी घड्याळ लावून घ्यायचे, पण डोळ्याचं ऑपरेशन म्हटलं की, "आता नाई. तारीख होऊ दे." रक्षा वकील म्हणाली होती, की अर्ज केला तर कोर्टाचा माणूस घरी येऊन साक्ष घेऊ शकतो. त्यावर केवढा तमाशा! "मी काय खाटेवर पडलो काय? साक्ष उभं राहून देतात."

आणि त्याच सुमारास ते विसरायला लागले.

आधी नळ उघडा राहिला. मग गॅस. मग चहाचा कप फ्रिजमध्ये सापडला, आत गोरसपाकाचं बिस्कीट भिजून लगदा झालेलं. मी ओरडले, चिडले, कपाळावर हात मारून घेतला. त्यात काही विशेष नाही, माझं ओरडणं चालूच असतं. पण एका रविवारी जेवताना त्यांनी भाकरीचा तुकडा हातात धरून विचारलं, "तुही सासू काऊन नाई जेवून राह्यली?" सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली होती. मी म्हटलं, "जेवल्या त्या, बाबा." आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. मायबाई, हा माणूस कोर्टात उभा राहून काय सांगणार?

ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही. मुकेशला नाही, रक्षा वकिलाला नाही, वर्षालीला तर नाहीच. पाप केल्यासारखं वाटायचं. पण सांगून करायचं काय होतं? दुसरा साक्षीदार कुठून आणायचा होता?

तारखा पडत गेल्या. पहिल्या तारखेला समोरचे वकील आजारी. दुसरीला त्यांना कुठलासा कागद हवा होता. तिसरीच्या आधी न्यायाधीश साहेबांची बदली. चौथीला आमच्या आधीचंच प्रकरण पाच वाजेपर्यंत चाललं. दर वेळी माझी एक रजा, दर वेळी चाळीस किलोमीटर जुन्या गाडीतून, दर वेळी इस्त्रीचं धोतर, टोपी आणि खिशात तो शाईचा पेन. वर्षाली वडनेरहून बसनं यायची, ज्वारीच्या भाकरी आणि झुणका बांधून. गुरुजींच्या पाया पडायची आणि विचारायची, "गुरुजी, तब्येत बरी हाये न?"

तिच्या त्या विचारण्याचा मला राग यायचा. म्हातारा माणूस, त्याच्या तब्येतीची चौकशी जो तो करतो, पण काळजी खरी कोणाची आहे? विहिरीची. चौथ्या तारखेला मी तिला बोललेच. "वर्षाली, माणूस आहे तो. तुझ्या घराचा खांब नाही." तिचे डोळे भरले. म्हणाली, "खांबच हाये ताई. खोटं काऊन बोलू? मी रोज देवाले त्यांच्यासाठी मागतो, पण मागतो ते माह्या पोरीसाठी." तिचं हे खरं बोलणं मला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. कारण मी तरी वेगळी कुठं होते? एकदा ही साक्ष आटपू दे आणि मी मोकळी होऊ दे, हेच मागत होते की मी.

पाचव्या तारखेला नाव पुकारलं.

गुरुजी कठड्यात उभे राहिले. खुर्ची दिली ती घेतली नाही. समोरचे वकील गोड बोलणारे, हसतमुख. तेच जास्त भीतीचं.

"गुरुजी, सह्या झाल्या ती तारीख कोणती?"

मी बाकाची कड घट्ट धरली. तीन वर्षं रोज म्हटलेलं पाठांतर, आणि त्यात तारीख नव्हतीच!

"आठवत नाई, साहेब."

"वार?"

"नाई आठवत."

"मृत्युपत्रात काय लिहिलं होतं?"

"आतला मजकूर मले माहीत नाई."

"म्हणजे? वाचलं नाही?"

"नाई वाचलं."

"शिक्षक होता तुम्ही. न वाचता सही केली?"

वर्षाली माझ्याकडे पाहत होती, मी रक्षा वकिलाकडे. तिचा चेहरा मात्र शांत होता. आणि गुरुजींचा आवाज एकदम शाळेतला झाला, मागच्या बाकापर्यंत जाणारा.

"साहेब, कागद ज्याचा त्यानं वाचायचा असते. साक्षीदारानं हात पाह्यचा. मी हात पाह्यला."

वकील हसले. "बरं. मग हाताचंच सांगा. अण्णाजींच्या जुन्या सह्या आणि ही सही, किती फरक आहे! हा तोच हात आहे, हे कशावरून?"

गुरुजींनी खिशातला पेन काढला. न्यायाधीश साहेबांकडे पाहिलं. "दाखवू काय, साहेब?" साहेबांनी मान हलवली.

"कडबा कापायच्या मशीनमध्ये अण्णाजीचं हे बोट गेलं." त्यांनी उजव्या हाताची तर्जनी दुमडली. "ते सगळ्यांले माहीत हाये. पण बोट गेल्यावर तो पेन कसा धरे, ते कोणी पाह्यलं नाई, कारण त्याले लाज वाटे. बँकेतही अंगठाच देई. त्या दिवशी पयल्यांदा सही करतो म्हणे. असा धरला." मधलं बोट आणि अनामिका यांच्यामध्ये त्यांनी पेन अडकवला, अंगठ्यानं मागून दाबला, आणि मनगट कागदावरून उचलून तिरपं केलं. "आणि मनगट टेकवेच ना. प्रत्येक अक्षराले थांबे. मी म्हटलं, अण्णा, अंगठा दे न. तर म्हणे, वर्षाली माही पोरगीच, तिच्या नावानं लिहून राह्यलो, अंगठा कायले देऊ?"

मी सहज मागे पाहिलं. ओमप्रकाश आपल्या उजव्या हाताची बोटं तशीच धरून पाहत होता. मग त्यानं हात मांडीखाली घातला आणि मान खाली घातली.

निकाल दोन महिन्यांनी लागला, वर्षालीच्या बाजूनं. ओमप्रकाश अपिलात गेला नाही. वर्षाली पेढे घेऊन आली, गुरुजींच्या पायावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. गुरुजी म्हणाले, "झालं न बाई. आता मी मोकळा."

आणि ते खरंच मोकळे झाले. तेच तर झालं वाईट.

फाटकापर्यंतच्या फेऱ्या थांबल्या. दिवसभर ओट्यावरच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून. भाकर अर्धी. गोळ्या मी दिल्या तर घ्यायचे, नाही तर पाकीट तसंच. "आता कायले?" एवढंच म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, वय आहे. मुकेश म्हणाला, थकले ते, आराम करू दे. आराम! मला त्या शांततेनं वेड लागायची पाळी आली. तीन वर्षं ज्या धडपडीला मी शिव्या घातल्या, तीच आता कान लावून ऐकत होते, आणि ओट्यावरून काही ऐकू येत नव्हतं. कॉलेजात बसून दर तासाला फोन. कधी उचलायचे, कधी नाही. नाही उचलला की मी शेजारच्यांना पाहून यायला सांगायची.

मग एके सकाळी मी रजा टाकली, दोन कागद घेतले आणि त्यांच्या खाटेजवळ जाऊन बसले.

"बाबा, उठा. सही पाह्यजे."

"कायची?"

"मृत्युपत्र करून राह्यली मी. बोरगाव मेघेचा प्लॉट माह्या नावावर हाये न. इलाच्या नावानं करतो. रक्षा वकिलीणबाईनं लिहून देलं."

ते उठून बसले. "चांगलं केलं. साक्षीदार कोण घेतले?"

"वर्षालीची आकांक्षा, वीस वर्षांची. आणि आमच्या ऑफिसातली एक पोरगी, पंचवीसची. दोघी रविवारी येऊन राह्यल्या, त्यांच्यासमोर पुन्हा सही करतो. मंग नोंदणीही करतो."

"शाबास. शिकली तू."

"आणि तिसरे तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू विसरायची पाळी आता माझ्यावर आली आहे. "पागल झाली काय व? एवढं सगळं पाहून? एक्याऐंशीचा साक्षीदार घेते काय कोणी? तुह्या दोन पोरी हायेत न, मंग माही सही कायले?"

"लग्नाच्या कागदावर तुमचीच सही चालली. याच्यावर काऊन नाई चालत?"

"अवो, पण मृत्युपत्र कवा निघते, माणूस मेल्यावर. तू मेल्यावर मी जाऊ काय कोर्टात?"

"हो. या लागन तुमाले."

"तुहं वय काय?"

"अठ्ठेचाळीस."

ते बोटांवर वर्षं मोजायला लागले. ओठ हलत होते. मला रडू येत होतं आणि मी ते दाखवणार नव्हते, म्हणून रागानं म्हटलं, "जमते की नाई, तेवढं सांगा. नाई तर शेजारच्यांले विचारतो."

"शेजारच्यांले? त्यांले सही पाह्याची अक्कल हाये काय?" त्यांनी चश्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. खिशात पेन नव्हता. "माहा पेन कुठी ठेवला तुनं? आण. आणि पयले तू कर. मी पाहून राह्यलो."

मी सही केली. त्यांनी पहिल्यासारखंच टक लावून माझ्या हाताकडे पाहिलं, आणि अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईची सही पुन्हा वाकडी झाली. मग कागद मांडीवर घेऊन त्यांनी सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं, खाली रेघ ओढली आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

"आता ते गोळीचं पाकीट दे इकडे," ते म्हणाले. "आणि डोळ्याच्या डॉक्टरले फोन लाव."